पालकांना मात्र सर्वांत शेवटी

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या कॅथॉलिक महाधर्मप्रांताने ६ जानेवारी २०१२ रोजी एक अहवाल जाहीर केला. त्या दिवशी शुक्रवार होता आणि ख्रिस्ती परंपरेप्रमाणे तीन राजांचा सण. अहवाल सिद्ध करणारी समिती २०१० च्या अखेरीस नेमण्यात आली होती. म्हणजे तिचे काम सुमारे वर्षभर चालले होते. महाधर्मप्रांताच्या सतरा माध्यमिक शाळांपैकी चार शाळा चालू वर्षाच्या अखेरीस बंद कराव्यात आणि चाळीसहून अधिक प्राथमिक शाळा एक तर बंद कराव्यात किंवा शेजारच्या शाळांत विलीन कराव्यात, अशी समितीची शिफारस होती. वेस्ट कॅथॉलिक, सेंट ह्युबर्ट, कॉन्वेल-इगन आणि बॉनर-प्रेंडरगास्ट ही त्या चार शाळांची नावे. शहरातील कॅथॉलिक शाळांची आर्थिक स्थिती खालावत चालली आहे, ही गोष्ट कोणाला नवी नव्हती. परंतु कुऱ्हाड नेमकी कोणत्या शाळेवर पडणार, हे त्या शुक्रवारपर्यंत पालकांना ठाऊक नव्हते. वर्षभर ज्या प्रश्नाचा विचार बंद दाराआड चालू होता, त्याचे उत्तरच तेवढे त्यांच्या हाती ठेवण्यात आले.

त्यानंतर जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. माजी विद्यार्थी, पालक आणि विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. सभा झाल्या, प्रार्थना झाल्या, निधी गोळा होऊ लागला; आणि बरोबर सात आठवड्यांनी, २४ फेब्रुवारीच्या शुक्रवारी, आर्चबिशप चार्ल्स शॅपूट यांनी चारही माध्यमिक शाळा चालू राहतील असे जाहीर केले. तोवर देणग्या आणि देणग्यांची आश्वासने मिळून एक कोटी वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली होती. प्राथमिक शाळांपैकीही ज्यांनी फेरविचाराची मागणी केली, त्यांतील अनेकींची मागणी मान्य झाली. त्याच वर्षी महाधर्मप्रांताने आपल्या सर्व माध्यमिक शाळांचे व्यवस्थापन एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपवले. धर्मप्रांताच्या शाळांची व्यवस्था अशा रीतीने बाहेरच्या मंडळाकडे देण्याचा अमेरिकेतील हा पहिलाच प्रयोग होय. बंद करण्याची शिफारस झालेल्या त्या चार शाळा पुढे दशकाहून अधिक काळ चालू राहिल्या.

या हकिगतीचा भाबडा अर्थ काढण्याचे कारण नाही. पालकांनी चळवळ केली आणि शाळा वाचल्या, इतके ते सोपे नव्हते. रकमेचा मोठा भाग मोजक्या धनवंतांकडून आला; विमा व्यवसायातील एका बड्या कंपनीचे माजी प्रमुख एडवर्ड हॅनवे यांच्यासारखी माणसे पुढे आली नसती, तर पालकांच्या चार-चार, पाच-पाच डॉलरांनी हा डोंगर हलला नसता. तथापि मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. जी धडपड सात आठवड्यांत करता आली, ती सात वर्षे आधी का करता आली नाही? याचे सरळ उत्तर असे, की ती ज्यांनी करायची त्यांना वेळेवर कोणी काही सांगितले नव्हते.

शाळाचालकांची अडचण खोटी होती, असे मात्र कोणी म्हणू नये. अमेरिकेतील कॅथॉलिक शाळांचा भरभराटीचा काळ १९६५ च्या आसपासचा. तेव्हा देशभरच्या सुमारे तेरा हजार कॅथॉलिक शाळांत पन्नास लाखांहून अधिक मुले शिकत होती. आज शाळा सहा हजारांच्या घरात आहेत आणि विद्यार्थी सतरा लाखांच्या आसपास. जुन्या काळी या शाळा स्वस्त होत्या, कारण त्यांत शिकवणाऱ्या बहुसंख्य धर्मभगिनी आणि धर्मगुरू नाममात्र मोबदल्यावर काम करीत. त्यांची जागा रीतसर पगार, निवृत्तिवेतन आणि विमा मागणाऱ्या शिक्षकांनी घेतली. ही मागणी अगदी रास्त होती. पण तिच्यामुळे शाळेच्या हिशेबाची बाजूच बदलली. आज तेथील शिक्षकवर्गात व्रतस्थांचे प्रमाण शेकडा तीनदेखील नाही. वेतन वाढले म्हणून शुल्क वाढले, शुल्क वाढले म्हणून पट घसरला, आणि पट घसरला म्हणून दरडोई खर्च पुन्हा वाढला. मध्यमवर्ग शहर सोडून उपनगरांत गेला. त्यात पेनसिल्व्हेनिया राज्याने १९९७ मध्ये कायदा करून सरकारी पैशाने चालणाऱ्या पण स्वायत्त अशा ‘चार्टर’ शाळांना वाट मोकळी करून दिली. शिस्त आणि लहान वर्ग यांसाठी जे पालक कॅथॉलिक शाळेची पायरी चढत, त्यांना तसेच काहीसे फुकट मिळू लागले. फिलाडेल्फियातील कार्डिनल डॉहर्टी शाळेत १९६० नंतरच्या दशकात सुमारे सहा हजार विद्यार्थी होते. जगातील सर्वांत मोठी कॅथॉलिक माध्यमिक शाळा असा तिचा लौकिक होता. २०१० मध्ये तिला कुलूप लागले तेव्हा त्यांतले हजारभरही उरले नव्हते.

असा ऱ्हास एका वर्षात होत नाही. त्याची नोंद दरवर्षी हजेरीपटावर होत असते. शाळेत ती सर्वांत आधी कोणाच्या ध्यानात येत असेल, तर दाखल्यांची पुस्तके सांभाळणाऱ्या कारकुनाच्या. कोणत्या इयत्तेतून किती मुले गेली आणि पहिल्या वर्गात किती नवी आली, हे त्याला तोंडपाठ असते. त्यानंतर मुख्याध्यापकाला कळते, मग शिक्षकांच्या खोलीत कुजबूज सुरू होते, मग संस्थेच्या कार्यालयात तक्ते तयार होतात. या साखळीत पालक कोठेच नसतो. ज्याच्या शुल्कावर शाळा चालते आणि ज्याच्या मुलाचे वर्ष पणाला लागलेले असते, त्याला ही गोष्ट निर्णय झाल्यावर, छापील पत्राने कळते. शिक्षकाला ती आधी कळते खरी, परंतु त्याचीही स्थिती फारशी हेवा करण्याजोगी नसते. पालकसभेत एखाद्या आईने ‘शाळा राहणार आहे ना?’ असे विचारले, तर खरे बोलणे म्हणजे संस्थेशी द्रोह आणि खोटे बोलणे म्हणजे त्या आईशी द्रोह, अशा पेचात तो सापडतो.

हे मौन का पाळले जाते, याचे संस्थाचालकांकडून दिले जाणारे उत्तर विचारात घेण्यासारखे आहे. शाळा अडचणीत आहे असा शब्द बाहेर फुटला, की पालक घाबरून मुले काढून घेतील. जी शाळा कदाचित तरली असती ती त्या भीतीनेच बुडेल. म्हणून शेवटचा निर्णय होईपर्यंत गप्प राहणे हेच मुलांच्या हिताचे, असे ते उत्तर आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. तो बँकांचा युक्तिवाद आहे. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एका निबंधात दाखवून दिले, की बँक मुळात धडधाकट असली तरी केवळ इतर ठेवीदार पैसे काढतील या भयाने प्रत्येक जण रांगेत उभा राहिला तर ती खरोखरच कोसळते. या विचाराबद्दल त्यांना २०२२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. महाराष्ट्रातील वाचकाला निबंध वाचण्याचीही गरज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना आपल्याच खात्यातून प्रारंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. त्या वेळी बँकेच्या दारासमोर जे चेहरे दिसले, ते अजून पुष्कळांना आठवत असतील. आदल्या दिवसापर्यंत त्यांना सर्व काही सुरळीत असल्याचेच भासत होते.

म्हणजे पळापळीची भीती खरी आहे. प्रश्न तिच्यावरील उपायाचा आहे. डायमंड आणि डिबविग यांनी बँकेला गप्प राहण्याचा सल्ला दिलेला नाही. ठेवीदाराला हमी द्या, म्हणजे त्याला धावण्याचे कारणच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ठेवींच्या विम्यामागील तत्त्व ते हेच. शाळेच्या बाबतीत ही हमी कोणती असू शकेल? आज ज्याचे नाव पटावर आहे तो विद्यार्थी याच शाळेतून शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडेल, ही. नवे प्रवेश थांबवायचे असतील तर थांबवावेत, खालचे वर्ग एकेक करून मिटवावेत, परंतु नववीत बसलेल्या मुलाला दहावीसाठी दुसऱ्या शाळेचे दार ठोठवावे लागणार नाही, असे लेखी वचन द्यावे. अशा वचनाला पैसा लागतो, हे उघड आहे. शेवटच्या वर्षी वीस मुलांसाठी सात-आठ शिक्षक ठेवावे लागतील. पण तो खर्च संस्थेने केला नाही म्हणून नाहीसा होत नाही. नवा गणवेश, नवी पुस्तके, लांबचा प्रवास, बुडालेले वर्ष या रूपाने तो वीस घरांत वाटला जातो. संस्थेच्या ताळेबंदात त्याची नोंद होत नाही, एवढाच काय तो फरक.

मौनाची दुसरी किंमत याहूनही जबर आहे आणि ती अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये लिहिलेल्या एका लहानशा पुस्तकात फार चांगली सांगितली आहे. संस्था ढासळू लागली की तिच्याशी संबंध असलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा ही त्याला निघून जाण्यापासून काही काळ अडवते आणि आवाज उठवण्याला अवसर देते. हर्शमन यांनी याला शाळेचेच उदाहरण दिले आहे. शाळेचा दर्जा घसरू लागला तर आधी निघून जातात ते दर्जाची सर्वाधिक चाड असलेले पालक, म्हणजे नेमके तेच, ज्यांनी सभेत उभे राहून चार प्रश्न विचारले असते. मागे उरतात ते ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही ते, किंवा ज्यांना काही ठाऊकच नसते ते.

आता याला माहितीचा प्रश्न जोडून पाहावा. संस्थेने मौन पाळले म्हणून बातमी कोंडून राहत नाही. ओळखीपाळखी असलेल्यांना, विश्वस्तांच्या शेजाऱ्यांना, वकील-डॉक्टरांच्या घरात ती पोचतेच. ते आपली मुले वेळेवर दुसरीकडे नेतात. ज्याची अशी ओळख नाही तो रिक्षावाला, तो शिपाई, ती परिचारिका, यांना ती शेवटी कळते, आणि तोवर चांगल्या शाळांतील जागा भरलेल्या असतात. याचा अर्थ, मौनाने पळापळ टळत नाही. ती फक्त शांतपणे आणि वरच्या थरातून होते. फिलाडेल्फियातील वेस्ट कॅथॉलिक शाळेचे उदाहरण येथे बोलके आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेचे विद्यार्थी एकेकाळी आयरिश आणि इटालियन वंशाच्या कॅथॉलिक घरांतले असत. २०१२ पर्यंत ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय कुटुंबांची शाळा झाली होती, आणि त्यांतील अनेक कुटुंबे कॅथॉलिक नव्हती. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर जी बातमी कानावर पडते, ती या घरांत पडणार कशी?

आणि ज्या संस्थेकडे निष्ठेचे भांडवल अमाप, तिने ते उधळावे हे अधिकच खेदाचे. कोणत्याही व्यापारी शिक्षणसंस्थेला स्वप्नातही लाभणार नाही अशी निष्ठा जुन्या कॅथॉलिक शाळांना लाभलेली असते. आजी त्या शाळेत, आई त्या शाळेत, मुलगीही त्या शाळेत. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, महामारीच्या ऐन भरात, फिलाडेल्फियातील आणखी दोन माध्यमिक शाळा पुढील जूनमध्ये बंद होतील असे जाहीर झाले. त्यांपैकी हॅलहन ही मुलींची शाळा विसाव्या शतकाच्या प्रारंभीची. धर्मप्रांताने मुलींसाठी काढलेली देशातील पहिली माध्यमिक शाळा म्हणून ती ओळखली जाई. तिच्या माजी विद्यार्थिनींनी निषेध केला, शाळा वाचवण्यासाठी खटपट केली. परंतु या वेळी २०१२ ची पुनरावृत्ती झाली नाही. २०२१ च्या जूनमध्ये शाळा बंद पडली. त्याआधी, ऑक्टोबर २००९ मध्ये कार्डिनल डॉहर्टी आणि नॉर्थईस्ट कॅथॉलिक या दोन शाळांचा निर्णय जाहीर झाला होता, तेव्हाही शैक्षणिक वर्ष सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला होता. तीन प्रसंग, आणि तिन्ही वेळा क्रम तोच: आधी आकडे जमले, मग निर्णय झाला, मग कुटुंबांना सांगण्यात आले. पट घसरलेल्या शाळा कायम चालू ठेवाव्यात असे कोणीही म्हणणार नाही. हॅलहनची पटसंख्या पाहता ती कदाचित कोणत्याही उपायाने वाचली नसती. परंतु ‘वाचली नसती’ हे ठरवण्याच्या वेळी तिची माणसे खोलीत नव्हती, हा आक्षेप त्याने खोडला जात नाही.

फिलाडेल्फियात या अविश्वासाला आणखी एक काळी पार्श्वभूमी होती. धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक छळाची चौकशी करणाऱ्या ‘ग्रँड ज्युरी’चे अहवाल २००५ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि वरिष्ठांनी वर्षानुवर्षे काय काय दडवून ठेवले होते हे चव्हाट्यावर आले. शाळांच्या जमाखर्चाशी या प्रकरणाची तुलना करणे अनुचित होईल. पण ज्या पालकाने ते अहवाल वाचले होते, त्याने ‘समितीने सर्व बाजूंचा विचार केला आहे’ या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही अपेक्षाही तितकीच अनुचित होती. गुप्ततेची सवय ही वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाही.

विशेष म्हणजे चर्चचा स्वतःचा विचार या बाबतीत अगदी निराळा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये शिक्षणासंबंधी जे घोषणापत्र संमत केले, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत असे म्हटले आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ७९६ वे कलम तर आणखी स्पष्ट आहे: शिक्षकांनी पालकांशी निकटचे सहकार्य करावे, पालकांचे म्हणणे मनापासून ऐकून घ्यावे, पालकांचे संघ वा सभा स्थापन कराव्यात आणि त्यांना मान द्यावा, असा तिचा आदेश आहे. येथे ऐकून घेण्याची आज्ञा आहे, नुसते कळवण्याची नव्हे. दोहोंतला फरक शाळाचालकांना समजत नाही असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल.

फिलाडेल्फियाची ही कथा महाराष्ट्रातील वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. मुंबई, पुणे, वसई, नाशिक, नागपूर येथे धर्मप्रांतांच्या आणि निरनिराळ्या व्रतस्थ संघांच्या शाळांनी चार-चार पिढ्या घडवल्या आहेत. या शाळांच्या दारात पहाटेपासून प्रवेशासाठी रांगा लागत असत, आणि त्या रांगांत कॅथॉलिक थोडे आणि इतर फार, अशी स्थिती असे. वसईच्या पट्ट्यात तर मराठी हीच ज्यांची भाषा आहे अशा ख्रिस्ती समाजाने मराठी माध्यमाच्या शाळा जोपासल्या. आता येथेही पाण्याची पातळी खाली जाऊ लागली आहे. कोठे मराठी माध्यमाची तुकडी गुपचूप मिटते. कोठे राज्य मंडळ सोडून दिल्लीच्या मंडळाचा अभ्यासक्रम येतो. कोठे अनुदानित तुकडीशेजारी विनाअनुदानित तुकडी उभी राहते आणि मग पहिली हळूहळू आटते. कोठे मुलींच्या शाळेत मुलगे येतात. यांतील प्रत्येक बदल कदाचित योग्यही असेल. परंतु पालकाला तो कळतो तो जून महिन्यात, पुस्तकांची यादी हाती पडल्यावर.

त्यातही भाषेची एक खोच आहे. परिपत्रक इंग्रजीत असते. ते आणणारा मुलगाच ते आईला वाचून आणि समजावून सांगतो. ज्याच्या भवितव्याचा निर्णय त्या कागदावर आहे तोच त्या कागदाचा दुभाषी! चौदा वर्षांच्या मुलाने ‘अपरिहार्य कारणास्तव पुढील वर्षापासून सदर तुकडी चालू ठेवणे शक्य होणार नाही’ या वाक्याचे भाषांतर कसे करावे, आणि आईने त्यावर कोणता प्रश्न विचारावा? मोबाइल फोनवर हल्ली शाळेच्या सूचना येतात. सहल, स्नेहसंमेलन, शुल्काची तारीख यांचा त्यांत सुकाळ असतो. सूचना वाढल्या म्हणून माहिती वाढली, असे होत नाही. किंबहुना दिवसाला पाच संदेश पाठवणाऱ्या शाळेला एक महत्त्वाची गोष्ट न सांगणे अधिक सोपे जाते.

अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने दिला आहे, आणि तो जपला पाहिजे यात शंका नाही. सरकारी हस्तक्षेपाला हे संस्थाचालक भितात, त्यालाही कारणे आहेत. तथापि हा हक्क चालवण्याचा आहे, कारभार बिघडवण्याचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळ शिक्षण विधेयकासंबंधी १९५८ मध्येच सांगून ठेवले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. पण तो कायदा आठवीपर्यंतचा, आणि २०१४ च्या प्रमती निकालानंतर तो अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू राहिला नाही. त्या निकालाबद्दल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले आहे. तो वाद न्यायालयात व्हायचा तेव्हा होवो. पालकांना आकडे सांगण्यासाठी त्याच्या निकालाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. स्वायत्ततेला बाधा येते ती दुसऱ्याने हुकूम सोडल्याने, आपण होऊन हिशेब दाखवल्याने नव्हे.

शिवाय आपल्या कायद्यांत या विषयाची एक विचित्र उतरंड आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे तुकडी घटली म्हणून कायम शिक्षकाला कमी करायचे तर त्याला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शुल्क वाढवायचे तर २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे नव्या वर्षाच्या किमान सहा महिने आधी प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. या समितीतील पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, म्हणजे मुख्याध्यापकांच्या मर्जीतील मंडळीच तेथे बसतात असेही म्हणता येत नाही. पगाराची नोटीस आहे, पैशाची नोटीस आहे. शुल्कात पाचशे रुपयांची वाढ होणार असेल तर पालकाला सहा महिने आधी कळलेच पाहिजे. मुलाची तुकडीच राहणार नसेल, तर ते मात्र त्याने सूचनाफलकावर वाचावे!

ही समिती नवीन निर्माण करावी लागत नाही, ती आहेच. तिच्यापुढे शुल्काबरोबर आणखी तीन-चार गोष्टी ठेवाव्यात: गेल्या पाच वर्षांतील प्रत्येक इयत्तेचा पट, मंजूर आणि रिक्त शिक्षकपदे, येत्या तीन वर्षांत माध्यम, मंडळ वा तुकड्या यांत काही फेरफार विचाराधीन असल्यास तो, आणि तसा फेरफार झाल्यास आज पटावर असलेल्या मुलांचे काय होईल, त्याचे उत्तर. हे सर्व मराठीत आणि इंग्रजीत, ‘विचाराधीन’ या अवस्थेत असतानाच, म्हणजे जेव्हा पालकाच्या बोलण्याने काही फरक पडू शकतो तेव्हा. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते; तेथून सहा महिने मागे मोजले की नोव्हेंबरची अखेर येते. शुल्काचा तक्ता त्या सुमारास समितीच्या टेबलावर यावाच लागतो. त्याच कागदाची पाठ कोरी असते.